नासिक्य वर्ण आणि पोथीतील बिंदू



नाशिक क्षेत्री बसून नासिक्य वर्णांविषयी लिहावे, हा योगायोग प्रस्तुत लेखकाने जुळवलेला नाही. तो व्याकरणकारांनीच दोन हजार वर्षांपूर्वी जुळवून ठेविला आहे. 'नासिका' या शब्दाला विशिष्ट प्रत्यय लागला असता त्याच्या जागी 'नस्' येतो आणि 'नस्य' हे रूप सिद्ध होते. वैद्य नाकात औषध घालतात त्यास नस्य म्हणतात, ते याच शब्दाने. परंतु पतंजलीच्या महाभाष्यात या ठिकाणी अपवाद नोंदविला आहे, तो दोनच अर्थांपुरता : एक वर्ण आणि दुसरे नगर. नाकातून उच्चारला जाणारा वर्ण तो 'नस्य' नव्हे, 'नासिक्य'. आणि नगर तेही 'नासिक्य'. नगराचे नाव शूर्पणखेच्या नासिकाछेदावरून पडले, की नऊ शिखरांवरून, हा वाद लोक घालोत. व्याकरणाने मात्र या गावाला आणि ङ, ञ, ण, न, म या वर्णांना एकाच पंक्तीस बसविले आहे.

या विषयाकडे वळण्याचे कारण अगदी साधे घडले. आश्रमात सायंकाळी लीळाचरित्राचे वाचन चालू असता एक नवा साधक वाचता वाचता थांबला आणि त्याने विचारले, "बाबा, ही भटी कोण? पुष्कळ प्रश्न विचारते." त्याच्या हाती जी छापील प्रत होती तीत 'भटी' असेच छापलेले होते. पोथीत तो शब्द 'भटीं' असा आहे. म्हणजे भटांनी, आपल्या आचार्य नागदेव भटोबासांनी. मस्तकावरचा एक बिंदू गळाला आणि पंथाच्या आद्य आचार्यांची एक अनोळखी बाई झाली. मंडळी हसली, तोही हसला. परंतु त्याच्या जागी घरी एकट्याने वाचणारा वासनिक असता तर त्याला सांगणारे कोण होते? म्हणून हा बिंदू कोठून आला, कसा उच्चारला जात होता आणि तो कोणी व का काढला, याचा थोडा विचार करू.

प्रथम उच्चार. बोलताना श्वास कंठातून वर येतो, त्याला बाहेर पडण्यास दोन वाटा : मुख आणि नासिका. या दोन वाटांच्या तिठ्यावर मऊ टाळूचा पडदा असतो. पडजीभ ज्याच्या टोकाला लोंबते तोच. पडदा वर उचलला की नाकाची वाट बंद होते आणि खाली सोडला की ती उघडते. 'ब' म्हणताना ओठ मिटतात आणि पडदा वर असतो. 'म' म्हणताना ओठ तसेच मिटतात, फक्त पडदा खाली येतो. ओठांना या दोहोंतला भेद कळतही नाही. द आणि न, ड आणि ण, ज आणि ञ, ग आणि ङ या जोड्यांचेही तसेच आहे. ज्याला याची प्रचीती पाहिजे त्याने नाक चिमटीत धरून 'म' लांबवून पाहावा. तो लांबतच नाही. पडसे झालेला मनुष्य 'माझे' म्हणू जातो आणि 'बाझे' असे ऐकू येते, ते याच कारणाने. पाणिनीने अनुनासिकाची व्याख्या करताना मुख आणि नासिका या दोहोंचे साहाय्य सांगितले आहे, ती इतकी नेमकी आहे की आजच्या ध्वनिशास्त्राला तीत फारसे काही घालावे लागत नाही.

पाच वर्गांना पाच नासिक्य वर्ण, अशी आपल्या वर्णमालेची मांडणी. या पाचांना ओळीने लिहिण्याऐवजी आपण एकच बिंदू देतो, आणि तरी वाचकाचा घोटाळा होत नाही. गंगा या शब्दात बिंदूचा उच्चार ङ्, पंच यात ञ्, खंड यात ण्, संत यात न्, अंबा यात म्. पुढचे अक्षरच बिंदूला आपला उच्चार देते. पाणिनीने यालाच परसवर्ण म्हटले : अनुस्वाराने पुढील वर्णाचा सवर्ण व्हावे. जपानी लिपीतही नेमके असेच एक चिन्ह आहे. तेही पुढे प किंवा ब आला तर म् सारखे, त किंवा द आला तर न् सारखे आणि क किंवा ग आला तर ङ् सारखे उच्चारले जाते. जपानी लिपीच्या अक्षरक्रमावर संस्कृत अक्षरशिक्षणाची छाया आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या साम्याचे आश्चर्य थोडे कमी होते.

परंतु य, र, ल, व, श, ष, स, ह यांच्यापूर्वी बिंदू आला तर त्याने काय व्हावे? या वर्णांना स्वतःचा वर्गीय नासिक्य नाही. येथे प्रांताप्रांतांची जीभ वेगळी चालते. आपण मराठी मंडळी सिंह हा शब्द 'सिंव्ह' असा, संशय 'संव्शय' असा, संयम 'संय्यम' असा उच्चारतो. उत्तरेकडील लोक तेथे सरळ न् किंवा ङ् आणतात. आपल्या पंथात हा भेद प्रत्यक्ष कानावर पडतो, कारण पंजाबात जयकृष्णी म्हणून ओळखले जाणारे आपले बंधू आणि महाराष्ट्रातील साधनवंत एकत्र बसून नामस्मरण करितात. कृतयुगीच्या हंसावताराचे नाव दोन्ही मुखांतून दोन तऱ्हांनी निघते. कोणी कोणास चुकीचे म्हणू नये. दोन्हीही त्या त्या भाषेला धरून आहेत.

येथवर जो बिंदू पाहिला तो व्यंजनाचा प्रतिनिधी होता. 'भटीं' मधला बिंदू वेगळा आहे. तेथे पुढे कोणतेही व्यंजन नाही. स्वरच नाकातून उच्चारला जातो, मुख आणि नासिका दोन्ही वाटा उघड्या असतात. हिंदीत यासाठी चंद्रबिंदू निराळा ठेविला आहे. गुरुमुखीत टिप्पी आणि बिंदी अशी दोन चिन्हे आहेत आणि ती सोबतच्या स्वरचिन्हाप्रमाणे वाटून दिलेली आहेत. पोर्तुगीज भाषेत स्वरावर एक नागमोडी रेघ काढतात. ती मूळची लेखकांनी घाईत अक्षराच्या डोक्यावर टाकलेली लहानशी न आहे. उर्दूत तर उलटाच प्रकार. तेथे शब्दाच्या अंती नून या अक्षरातले टिंब काढून टाकले की अनुनासिक स्वर झाला. आपण टिंब देऊन जे साधतो ते त्यांनी टिंब काढून साधले. तमिळमध्ये अक्षराच्या मस्तकावर टिंब दिसले तर त्याचा अनुस्वाराशी काही संबंध नाही. ती पाय मोडल्याची खूण होय. नासिक्य वर्ण तेथे प्रत्येक ठिकाणी पूर्ण अक्षरानेच लिहितात. कन्नडात अनुस्वार मस्तकावर न ठेवता अक्षरापुढे शून्यासारखा मांडतात. एकच ध्वनी आणि इतकी चिन्हे! मराठीने मात्र व्यंजनाच्या प्रतिनिधीला आणि अनुनासिक स्वराला एकच शीर्षबिंदू दिला, आणि पुढील घोटाळ्याचे बीज येथेच पडले.

आता हा दुसरा बिंदू मराठीत आला कोठून, ते पाहण्यास नाशिककरांना दूर जावे लागत नाही. शहरापासून सुमारे आठ किलोमीटरांवर त्रिरश्मी डोंगरात पांडवलेणी आहेत. तेथील चैत्यगृहावर एक लहानसा प्राकृत लेख ब्राह्मी लिपीत कोरलेला आहे. नाशिककरांच्या धंभिक नावाच्या गावाने दिलेल्या दानाची ती नोंद आहे. त्या लेखात 'नासिककानं' हा शब्द येतो आणि 'दानं' हा शब्द येतो. ब्राह्मी लिपीत बिंदू अक्षराच्या डोक्यावर नसून उजव्या अंगाला असतो. या दोन शब्दांतील दोन बिंदू मराठी व्याकरणाच्या दोन मोठ्या प्रकरणांचे पूर्वज आहेत, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

'नासिककानं' म्हणजे नाशिककरांचे. संस्कृतातील षष्ठी बहुवचनाचा '-आनाम्' प्राकृतात '-आनं', '-आणं' झाला आणि तो झिजत झिजत मराठीत नुसता '-आं' उरला. आपण आजही 'नाशिककरांचे', 'लोकांचे', 'संतांचे' असे लिहितो, तेव्हा मस्तकावर जो बिंदू देतो तो हाच. 'दानं' हे नपुंसकलिंगी प्रथमेचे रूप. यातला शेवटचा म्-कार मराठीने 'सोनें', 'केळें', 'घोडें', 'तें', 'जें' या रूपांत जपून ठेविला. तृतीयेचेही असेच. देवेन, देवेण, देवें, सर्वज्ञेन, सर्वज्ञें. शेवटचा नकार णकार झाला, णकार विरला, आणि विरताना आपला नाद मागील स्वरात ठेवून गेला. ग्राम मधल्या म-काराने गांव मध्ये, नाम मधल्या म-काराने नांव मध्ये, पञ्च मधल्या ञ-काराने पांच मध्ये, दन्त मधल्या न-काराने दांत मध्ये बिंदूचे रूप घेतले. जुन्या मराठीतील बहुतेक अनुनासिक स्वर म्हणजे अशा गेलेल्या व्यंजनांच्या राहिलेल्या खुणा होत. (बहुतेक म्हटले, सर्व नव्हे. हिंदीतील साँप पाहा : मूळ सर्प शब्दात नासिक्य वर्ण नाही, आणि तरी बिंदू आला. भाषा काही गोष्टी उगीचही करिते.)

शके १२०० च्या सुमारास रिद्धपुरास वाजेश्वरीत म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले, तेव्हा हे अनुनासिक उच्चार जिवंत होते, असे मानावयास पुष्कळ आधार आहे. मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत गेली आणि पुढे स्मरणावरून पाठ पुन्हा बांधले गेले, ही आपली परंपरा. जे स्मरणातून येते ते कानाने आलेले असते. बिंदू ऐकूच येत नसता, तर तो इतक्या पोथ्यांत इतक्या नियमाने योग्य विभक्तीवरच परत आला नसता. आजही गोव्याकडे कोंकणी भाषेत 'केलें', 'हांव', 'गोंय' असे बिंदूसहित लिहितात आणि नाकातून उच्चारतात. 'सांव जांव' या सणाच्या नावात पोर्तुगीजांचा नागमोडी रेघेचा स्वर कोंकणीने सहज आपल्या बिंदूत बसवून घेतला, कारण तो स्वर तिच्या जिभेला नवा नव्हता. देशावर मात्र हा उच्चार हळूहळू मंद झाला आणि लिहिण्यात तेवढा उरला.

महानुभाव वाङ्मयात या बिंदूवर किती भार आहे, ते काही रूपांवरून पाहावे. 'गोसावी' म्हणजे स्वामी स्वतः, प्रथमा. 'गोसावीं' म्हणजे स्वामींनी, तृतीया. 'बाइसीं' म्हणजे बाइसांनी, 'महादाइसीं' म्हणजे महादाइसांनी. कोण बोलले आणि कोणाविषयी बोलले, हे त्या बिंदूने ठरते. 'सर्वज्ञें' या शब्दावरील बिंदू काढला तर 'सर्वज्ञे' उरते. संस्कृत शिकलेला वाचक त्याला सप्तमी समजेल, म्हणजे सर्वज्ञांच्या ठायी. नाहीतर स्त्रीलिंगी संबोधन समजेल. लीळेचा कर्ताच त्या वाक्यातून नाहीसा होईल.

'ते' आणि 'तें' यांचे प्रकरण याहूनही नाजूक आहे. 'ते' म्हणजे पुल्लिंगी अनेक, 'तें' म्हणजे नपुंसकलिंगी एक. ब्रह्म, ज्ञान, चैतन्य हे शब्द नपुंसकलिंगी. जीव हा पुल्लिंगी आणि आपल्या मते संख्येने अनंत. एखाद्या निरूपणात आधी जीवांचा उल्लेख आहे, मग ज्ञानाचा, आणि पुढे 'तें' आले, तर ते ज्ञानाकडेच जाते. बिंदू नसेल तर जीवांकडे जाऊ शकते. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून नित्य भिन्न आहेत, हा ज्या शास्त्राचा पाया, तेथे सर्वनाम कोणाकडे जाते हा निव्वळ शुद्धलेखनाचा प्रश्न राहत नाही.

आणखी एक रूप 'करी'. बिंदूविना 'करी' म्हणजे तो करितो. बिंदूसहित 'करीं' म्हणजे 'मी करितो' असेही होते. संदर्भाने 'तू कर' अशी आज्ञाही होते. आणि 'हातात' असाही अर्थ होतो. विचाराच्या सूत्रात वर्णन असते, आचाराच्या सूत्रात विधी असतो. वर्णन आणि विधी यांत जर बिंदूचेच अंतर असेल तर तो बिंदू वाचणाऱ्याने जपला पाहिजे. भीष्माचार्यांनी पंचवार्तिक रचून मराठीच्या व्याकरणविचाराला आरंभ केला, तो काही विद्वत्तेची हौस म्हणून नव्हे. परमेश्वराने ज्या भाषेत निरूपण केले तिचे रूप ढळले तर अर्थ ढळेल, ही त्यामागची काळजी होती.

मग हे बिंदू काढले कोणी? उत्तर बहुतेकांस ठाऊक आहे. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली लेखनविषयक नियम ठरविले, राज्य शासनाने ते स्वीकारले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडून ते अठरा झाले. स्पष्ट उच्चार असेल तेथे शीर्षबिंदू द्यावा; अनेकवचनी सामान्यरूपावर द्यावा; व्युत्पत्तीने सिद्ध होणारा परंतु उच्चारात नसलेला बिंदू देऊ नये, असे त्यांचे तात्पर्य. 'नांव' चे 'नाव' झाले, 'पांच' चे 'पाच', 'तें' चे 'ते'. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत नांव आणि नाव निरनिराळे आहेत. आता भवसागर तरून नेणारे नाव आणि नदी तरून नेणारी नाव एकाच अक्षरांनी लिहितात. लिंगभेद तेवढा शिल्लक आहे. कीर्तनकारांना त्यात श्लेष सापडतो, ही गोष्ट निराळी.

या नियमांविषयी आपल्या काही वृद्ध महंतांच्या मनात रोष होता, तो प्रस्तुत लेखकाने बालपणी ऐकलेला आहे. तो रोष पूर्णपणे न्याय्य नव्हता, असे आता वाटते. जो उच्चार मुखात राहिला नाही त्याचा बिंदू शाळेतील प्रत्येक मुलाने घोकावा, हे दंडाचेच काम होते. शिवाय हे नियम करणाऱ्यांनी आपल्यासारख्यांची वाट बंद केलेली नाही. त्याच अठरांत एक नियम असा आहे की केशवसुतांच्या पूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पूर्वीचे गद्य छापताना मूळाप्रमाणे छापावे. लीळाचरित्र, सूत्रपाठ, दृष्टान्तपाठ, स्मृतिस्थळ ही सर्व त्या मर्यादेच्या कितीतरी अलीकडची नव्हे, पलीकडची आहेत. म्हणजे आपल्या पोथ्यांतील बिंदू महामंडळाने काढलेले नाहीत. ते आपल्याच मुद्रितांत, आपल्याच दुर्लक्षाने गेले आहेत. पूर्वी खिळे जुळविणारा ते गाळीत असे. आता संगणकावर टंकन करणारा, त्याला शिकविलेल्या शुद्ध लेखनाप्रमाणे, चांगल्या हेतूनेच 'गोसावीं' चे 'गोसावी' करितो, आणि ती प्रत एका रात्रीत शेकडो भ्रमणध्वनींवर जाते. हस्तलिखितात चूक एका पोथीपुरती राही.

म्हणून मूळ वचन आणि त्यावरील निरूपण यांना दोन निरनिराळे नियम लावावेत, असे माझे मत आहे. वचन पोथीप्रमाणे, निरूपण आजच्या नियमांप्रमाणे. हा लेखही आजच्याच नियमांनी लिहिला आहे. निरूपणातही दोन ठिकाणी सावध असावे. एक, आदरार्थी अनेकवचन. 'स्वामींचे' आणि 'स्वामीचे' यांत आजच्या नियमानेही भेद आहे, आणि जो बिंदू गाळतो तो न कळत एकेरीवर येतो. दोन, संस्कृत शब्द. 'वेदांत' लिहिले तर वेदांमध्ये आणि 'वेदान्त' लिहिले तर ते दर्शन, असा भेद नियमांतच सांगितला आहे. त्याच न्यायाने 'सिद्धान्त' व 'दृष्टान्त' ही रूपे पंथीय लेखनात परसवर्णाने लिहावीत.

वाचताना बिंदू उच्चारावा काय, असे काही जण विचारतात. ज्यांच्या कानावर परंपरेने तो पडला आहे त्यांनी हलकेच उच्चारावा; ज्यांच्या नाही त्यांनी ओढूनताणून नाकात बोलू नये. डोळ्यांनी तो पाहिला आणि अर्थ त्याप्रमाणे धरला म्हणजे पुरे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पोथीत दिसणारा प्रत्येक बिंदू खरा असतोच असे नाही. जुन्या लेखकांना न आणि म यांच्या पूर्वीच्या अक्षरावर बिंदू देण्याची सवय होती; 'रांम', 'नांम' अशी रूपे पानोपानी आढळतात. तेथे व्युत्पत्ती शोधत बसणे व्यर्थ. काही लेखक बिंदू गाळतात, काही सढळ हाताने उधळतात, आणि एकाच लेखकाचा हात सकाळी व सायंकाळी सारखा चालत नाही. म्हणून एका पोथीवरून विभक्ती ठरवू नये. निदान दोन निरनिराळ्या आम्नायांच्या पोथ्या समोर असाव्यात. आणि बिंदू हवासा वाटतो म्हणून आपल्या पदरचा घालू नये. गाळणे हा जसा दोष, तसा घालणे हाही.

मागील चातुर्मासात एका जुन्या पोथीत आचाराच्या एका वचनावर आम्ही तिघे अडलो होतो. 'करी' की 'करीं', म्हणजे वर्णन की आज्ञा? मस्तकावर काळसर ठिपका स्पष्ट दिसत होता. एकाने आज्ञेच्या बाजूने अर्थ लावून दाखविला, तो सुंदरही होता. मग दुसऱ्याने ते पान उचलून खिडकीच्या उजेडासमोर धरले. ठिपक्यातून प्रकाश आला. ते कसरीने पाडलेले छिद्र होते. त्याच वचनाचे दुसऱ्या आश्रमातील पोथीतले पान मागवून पाहिले. तेथे त्या जागी शाईचा बिंदू होता, आणि उजेडात धरले तरी तो काळाच राहिला.